चष्मा काढल्यावर दिसणारा चेहरा

गेल्या उन्हाळ्यात माझ्या मावसबहिणीच्या लेकीला बघायला लातूरहून पाहुणे आले होते. अंबाजोगाईचं घर, बाहेर रणरणतं ऊन, कूलरमध्ये नुकतंच पाणी ओतलेलं. पोरीला दोन्ही डोळ्यांना उणे चारचा नंबर आहे. आतल्या खोलीत तिच्या आत्यानं चष्मा काढून फडताळात ठेवला. म्हणाली, "पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे, बाई." पोरगी पोह्यांचा ट्रे घेऊन निघाली ती पायानं उंबरा चाचपत. कोण कुठं बसलंय हेच तिला दिसत नव्हतं. त्यामुळं ती कुणाच्याच डोळ्यांत बघत नव्हती. डोळे जरा मोठे झालेले, नजर भिंतीवरच्या कॅलेंडरच्या आसपास कुठंतरी थांबलेली. मुलाची थोरली बहीण पुण्यात असते. ती आपल्या आईच्या कानाशी लागली, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "किती इनोसंट दिसते ना!"

आमच्या बाजूच्या बायकांचे चेहरे एकदम खुलले. जमलं, असं त्या चेहऱ्यांवर लिहिलेलं होतं. मी मात्र पोरीकडं बघत होते. ज्याला इनोसंट म्हटलं गेलं ते तिच्या चेहऱ्यावर खरोखर काय होतं? समोरचं धड न दिसणं. दुसरं काही नाही.

मी सव्वीस वर्षं कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते. हा शब्द गेल्या काही वर्षांत आमच्याकडं इतका रुळलाय की लग्नाच्या बायोडाटात तो सापडतो, वाढदिवसाच्या स्टेटसवर सापडतो, कुणाला अटक झाली की चौकातल्या बोलण्यातही सापडतो: "चेहऱ्यावरून किती इनोसंट वाटतो हो!" शब्द इंग्रजी आहे याबद्दल माझी तक्रार नाही. बस, टेबल, मोबाइल हे आता माझेच शब्द आहेत. तक्रार आहे ती या एका शब्दाच्या आडून आपण जे निकाल देत सुटलोय त्यांबद्दल.

आमच्याकडं साध्या माणसासाठी शब्दांची वाण कधीच नव्हती. कुणाच्या अध्यात ना मध्यात अशा पोराला "लई गरीब हाय" म्हणतात, मग त्याच्या बापाची चाळीस एकर जमीन का असेना. त्याहून मऊ माणूस गऊ. फसवलं तरी ज्याला कळत नाही तो भोळा, समोरच्यावर पटकन विश्वास टाकतो तो भाबडा, वयच लहान म्हणून ज्याला कळत नाही ते लेकरू अजाण. आणि एक शब्द फार नेमका: साळसूद. वरून गरीब दिसतो, आत काय शिजतंय ते कळत नाही, असा. साळसूद म्हणताना आपण चेहरा बघितलेला असतो आणि त्या चेहऱ्यावर विसंबायचं नाही हेही त्याच दमात सांगितलेलं असतं. यातला प्रत्येक शब्द स्वभावाबद्दल आहे. तो वापरायचा तर माणसाशी चार दिवस संबंध यावा लागतो. उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या पोरीला पहिल्याच नजरेत कुणी "भाबडी आहे" म्हणत नाही, कारण ते कळायला वेळ लागतो हे बोलणाऱ्याला ठाऊक असतं.

निरागस या शब्दाकडं जरा थांबून बघायला हवं. संस्कृतात आगस् म्हणजे अपराध. ज्याच्या नावावर अपराध नाही तो निरागस. लॅटिनमध्येही नेमकी अशीच घडण आहे: इजा करणे या अर्थाच्या क्रियापदाला नकार लावून इनोसंट तयार झाला. म्हणजे दोन्ही शब्द मुळात गुन्ह्याचे, कोर्टकचेरीचे. पण मराठीनं पुढं एक शहाणपण केलं. निरागस हा शब्द तिनं लहान लेकरांच्या हसण्याला देऊन टाकला आणि न्यायासाठी निर्दोष वेगळा ठेवला. "आरोपीची निरागस मुक्तता" असं आपलं कोणतंही वर्तमानपत्र छापणार नाही. कोर्ट निर्दोष सोडतं, ते पुरावा बघून. चेहरा निरागस असतो, तो बघणाऱ्याच्या मायेपुरता.

मराठवाड्यात तर याची दुसरी जोडीही होती. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात, कचेरीची भाषा उर्दू. माझे आजोबा तहसिलीत कारकून होते. ते शेवटपर्यंत "बेकसूर सुटला" असंच म्हणायचे, आणि नातवंडांना जवळ घेताना "मासूम लेकरू". मासूम हा अरबीतून आलेला शब्द, पापापासून राखलेला असा त्याचा मूळ अर्थ. बेकसूर माणूस मासूम असलाच पाहिजे असं नव्हतं आणि मासूम दिसणारा बेकसूर असतो असंही नव्हतं. हा फरक आजोबांना कुणी शिकवला नव्हता, तो त्यांच्या भाषेतच होता. खुद्द इंग्रजी कोर्टातली ज्युरीसुद्धा आरोपीला सोडताना "नॉट गिल्टी" म्हणते, "इनोसंट" म्हणत नाही. आपण मात्र तो शब्द घेतला आणि दोन्ही कामांना एकच हत्यार वापरायला लागलो.

आधी मुलींचं बोलते, कारण मला रोज त्याच दिसतात.

स्थळ बघताना इनोसंट म्हणजे काय हवं असतं, ते कोणी उघड सांगत नाही. मी विचारून बघितलंय. उत्तरं अशी येतात: जास्त बोलणारी नको, मोबाइलवर असणारी नको, बाहेरगावी राहून शिकलेली असेल तर जरा विचार करावा लागेल, "पोर शिकली की तोंड फुटतं". म्हणजे जिला काही माहीत नाही आणि माहीत असलं तरी जिच्या चेहऱ्यावर ते उमटत नाही अशी मुलगी. हीच मागणी शुद्ध मराठीत करून बघा: "आम्हाला काही न कळणारी मुलगी हवी." कुठल्याही शहाण्या माणसाची जीभ अडखळेल. इंग्रजी शब्दानं ती अडखळत नाही. तो परका आहे, गुळगुळीत आहे, त्याला आपल्या घरात कधी कुणी उलटून बोललेलं नाही.

आणि न कळणारा चेहरा हवा असेल तर तो कोणत्या वयात सापडतो? पंचविशीत नाही सापडत. तो चौदाव्या-पंधराव्या वर्षी सापडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, २० ते २४ वयाच्या स्त्रियांना लग्नाचं वय विचारलं होतं. अठराच्या आत लग्न झालेल्या महाराष्ट्रात साधारण २२ टक्के निघाल्या. परभणी जिल्ह्यात ४८ टक्के. बीडमध्ये ४४ च्या आसपास. बालविवाह प्रतिबंधक कायदा २००६ चा. इतक्या वर्षांनंतर आपल्या दोन जिल्ह्यांत निम्म्याच्या आसपास मुलींना सज्ञान होण्याआधीच बोहल्यावर चढवलं जात होतं. गरिबी, स्थलांतर, हुंडा वयाबरोबर वाढतो ही भीती, गावात पुढचा वर्ग नसणं, पोरीच्या "अब्रू"ची धास्ती, ही कारणं मी नाकारत नाही. पण या सगळ्यांच्या जोडीला एक आवडही आहे, आणि तिच्याबद्दल आपण बोलत नाही. लेकरासारख्या दिसणाऱ्या बाईची आवड.

ऑस्ट्रियाचे प्राणिशास्त्रज्ञ कोनराड लोरेन्झ यांनी १९४३ मध्ये लिहून ठेवलं की मोठं कपाळ, मोठे डोळे, गुबगुबीत गाल आणि लहानशी हनुवटी दिसली की माणसाच्या मनात सांभाळायची भावना आपोआप जागी होते. तान्ह्या बाळासाठी ही सोय उत्तम आहे. आता मोबाइलमधलं फिल्टर काय करतं ते बघा: डोळे मोठे करतं, हनुवटी बारीक करतं, कातडी नितळ आणि उजळ करतं. बावीस वर्षांच्या पोरीला ते बाळाच्या दिशेनं ढकलतं. आमच्या तालुक्याच्या गावातले फोटोवालेसुद्धा बायोडाटाचा फोटो असाच "करून" देतात. पोरीच्या गालावरचा व्रण जातो, रंग दोन पायऱ्या वर येतो आणि खाली शब्द येतो, इनोसंट.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या छोट्या दाव्यांच्या कोर्टांत लेस्ली झेब्रोविट्झ यांनी केलेला एक अभ्यास १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्यांचा चेहरा बाळसेदार होता त्यांच्यावर जाणूनबुजून काही केल्याचा आरोप असेल तर ते इतरांपेक्षा सहज सुटायचे. पण आरोप हलगर्जीपणाचा असेल तर तेच इतरांपेक्षा जास्त अडकायचे. मला हे वाचल्यावर आमची देवघेव एकदम समजली. लबाडी जमणार नाही असं ज्याच्याबद्दल धरलं जातं, त्याला अक्कलही नसणार असं त्याच श्वासात धरलं जातं. इनोसंट म्हणून घरात आणलेल्या सुनेच्या हातात चार वर्षांनीही बँकेचं पासबुक का देत नाहीत, याचं उत्तर तिला पसंत करताना वापरलेल्या शब्दातच आहे.

कौतुकानं म्हटलेल्या शब्दाचा इतका कीस कशाला काढायचा, असं माझ्या स्टाफरूममध्ये मला ऐकवलं जातं. पाळण्यातल्या बाळाला खुशाल म्हणा, माझी ना नाही. पण कौतुक जेव्हा एकाच्याच वाट्याला येतं आणि दुसऱ्याच्या वाट्याला ठरवून येत नाही, तेव्हा त्याला नुसतं कौतुक म्हणता येत नाही.

हे मला कळलं ते बीडहून परभणीला जाताना. माजलगावच्या स्टँडवर एक बाई दहा-अकरा वर्षांच्या पोराला घेऊन एसटीत चढली. काळं सावळं पोर, केस उन्हानं तांबडे झालेले, शर्टाला खालची दोन बटणं नव्हती. पाथरीच्या अलीकडं पुढच्या सीटवरच्या बाईंना पर्समध्ये मोबाइल सापडेना. अजून कुणी काही शोधलंही नव्हतं तोच मागून आवाज आला, "त्या पोराला बघा आधी. पारधी असतील." तिघा-चौघांनी त्याला उभं केलं. खिसे उलटे केले. खिशातून निघालं पाच रुपयांचं नाणं, एक गोटी आणि कागदात गुंडाळलेली अर्धी बिस्किटं. बिस्किटांचा चुरा खाली सांडला. मोबाइल दहा मिनिटांनी सीट आणि खिडकी यांच्यामधल्या फटीत सापडला. त्या बाईंच्या अगदी शेजारी कॉलेजचा एक मुलगा बसला होता. इस्त्रीचा शर्ट, कानात इअरफोन, मांडीवर बॅग. त्याला कुणी उठ म्हटलं नाही. मीही म्हटलं नाही. माझ्याही मनात त्याच्याबद्दल शंका आली नव्हती, कारण तो "तसा दिसत नव्हता". पोराच्या आईनं सीटखाली वाकून तुटकी बिस्किटं गोळा केली आणि पुन्हा कागदात बांधली. पोराची कुणी माफी मागितली नाही. त्या गाडीत मीही होते.

कॉलेजच्या मुलावर संशय घ्यायला हवा होता असं मला म्हणायचं नाही. त्याला जो विश्वास फुकट मिळाला तोच त्या पोरालाही मिळायला हवा होता.

पारधी समाजाच्या वाट्याला हे कुठून आलं ते सगळ्यांना माहीत असतं, तरी पुन्हा सांगते. इंग्रजांनी १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवायची सोय करून ठेवली. हजेरी लावा, परवान्याशिवाय हलू नका. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला गेला. म्हणून तर भटके-विमुक्त ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण कायदा जाऊन सात दशकं झाल्यावरही पाथरीच्या अलीकडं त्याची अंमलबजावणी करायला बसमधले चार प्रवासी पुरतात.

चेहऱ्यावरून गुन्हेगार ओळखता येतो हा समज त्याच काळात शास्त्राचा सदरा घालून फिरत होता. इटलीचे डॉक्टर चेझारे लोंब्रोझो यांनी १८७६ मध्ये जन्मजात गुन्हेगाराच्या जबड्याची, कपाळाची, कानांची मापं देणारा ग्रंथ लिहिला. इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी गुन्हेगारांचे फोटो एकावर एक छापून बघितले. त्यातून अस्सल गुन्हेगारी चेहरा वर येईल अशी त्यांची अपेक्षा. झालं उलटंच. जितके चेहरे मिसळले तितका तयार झालेला चेहरा चारचौघांसारखा, किंबहुना जरा देखणाच दिसायला लागला, आणि गाल्टन यांना ते लिहावं लागलं. दीडशे वर्षांपूर्वीच हे उघड झालं होतं. तरी डोळा मानत नाही. २००६ मध्ये प्रिन्स्टनच्या विलिस आणि तोदोरोव यांनी दाखवलं की अनोळखी माणूस विश्वासाचा आहे की नाही हे आपण चेहरा एक दशांश सेकंद बघून ठरवतो. जास्त वेळ मिळाला तर मत फारसं बदलत नाही, फक्त आपण त्यावर अधिक ठाम होतो.

म्हणजे डोळा चुकणार, हे धरून चालावं लागेल. मग जिभेनं तरी त्याला साथ देऊ नये एवढंच आपल्या हातात उरतं.

ऊसतोडीच्या लेकरांचं तर याहून वाईट आहे. दिवाळीच्या आगेमागे मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेऊन बीड जिल्ह्यातली गावंच्या गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे मजुरांची एक जोडी. बरोबर गेलेली पोरगी बाराव्या वर्षी वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, बांधते, धाकट्या भावाला कडेवर घेते, पहाटे गाडी भरताना बॅटरी धरते. तिचा चेहरा उन्हानं रापतो, ओठ फुटतात, हात घट्टे पडून राठ होतात. ती लेकरू दिसतच नाही. आता बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ९४ बघा. बाल कल्याण समितीपुढं आणलेली व्यक्ती दिसण्यावरूनच बालक आहे असं उघड वाटलं तर तशी नोंद करून पुढं जावं. शंका असेल तर शाळेचा दाखला, तो नसेल तर नगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, तोही नसेल तर वैद्यकीय चाचणी. तरतूद लेकरांच्या भल्याचीच आहे. पण पहिली पायरी दिसण्याची आहे, आणि दिसण्याच्या बाबतीत फडावरची, म्हणजे ऊसतोडीच्या रानातली, पोर शहरातल्या पोरीच्या मागं आहे. जिचं अर्धं वर्ष फडावर जातं, तिच्या शाळेच्या कागदाची खात्रीही कुणी देऊ नये. अमेरिकेतल्या जॉर्जटाउन विद्यापीठाच्या कायदा केंद्राचा २०१७ चा एक अहवाल आहे: तिथल्या मोठ्या माणसांना कृष्णवर्णीय मुली, अगदी पाच वर्षांपासूनच्या, गोऱ्या मुलींपेक्षा कमी निरागस आणि जास्त जाणत्या वाटतात. आपल्याकडं ही मोजणी कुणी फडावर येऊन करायला हवी. कोण लेकरू दिसतं आणि कोण दिसत नाही, यावर कुणाला जवळ घेतलं जाईल हे ठरतं.

अत्याचाराची बातमी येते तेव्हाही हाच शब्द पुढं सरसावतो. "बिचारी किती इनोसंट होती." बोलणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी असतं, मला ते खोटं वाटत नाही. पण त्या वाक्याला एक अट चिकटलेली आहे. जी तशी नव्हती, जिला मित्र होते, जी रात्री उशिरा क्लासवरून यायची, जिच्या फोटोत ओठ रंगवलेले होते, तिच्यासाठी आपण किती हळहळणार? १८७२ च्या पुरावा कायद्यात असं एक पोटकलम होतं की बलात्काराच्या खटल्यात तक्रारदार बाई एकूणच वाईट चालीची आहे असं दाखवून तिच्या साक्षीवर अविश्वास दाखवता यायचा. ते २००२ च्या दुरुस्तीनं काढलं. कायद्यानं काढून टाकलेलं माप आपण बोलण्यातून परत आणतोय. अत्याचार झालेल्या बाईला न्याय मिळायला तिनं निरागस असायची गरज नाही. ती भांडकुदळ असो, शहाणी असो, खोटं बोललेली असो, तरी तिच्यावर अत्याचार झाला तर तो अत्याचारच.

मग म्हणायचं काय, असं विचाराल. जे बघितलं ते म्हणावं. मला अधूनमधून मध्यस्थांचे फोन येतात, तुमच्या कॉलेजात अमुक मुलगी आहे, कशी आहे म्हणून. मागच्या वर्षी एका गृहस्थांनी विचारलं, "मॅडम, इनोसंट आहे ना?" मी म्हटलं, ती वडिलांच्या सोयाबीनचा सगळा हिशेब ठेवते, बाजार समितीत वजन कमी लागलं तर काटा पुन्हा करायला लावते, आणि वर्गात कळेपर्यंत प्रश्न विचारते. पलीकडं जरा शांतता. मग ते म्हणाले, "म्हणजे हुशार आहे." मी हो म्हटलं. त्यांचा परत फोन आला नाही. आला असता तरी मी शब्द बदलला नसता.

अंबाजोगाईच्या पोरीचं काय झालं ते राहिलंच. लातूरकरांचा होकार आला. पंधरा दिवसांनी याद्या करायच्या बैठकीला ती चष्मा लावूनच बाहेर आली. आत्या आडवी गेली होती, पण तिनं ऐकलं नाही. या वेळी तिनं सगळ्यांकडं नीट बघितलं. मुलाला त्याच्या कंपनीत शिफ्ट कशा असतात, सुट्टी किती मिळते ते विचारलं. दोन दिवसांनी मध्यस्थाकरवी निरोप आला, की चष्म्याचं आम्हाला सांगितलं नव्हतं, मुलगी दिसते तशी नाही, आमची फसवणूक झाली. चष्मा लपवला ही आमची चूक होती, आणि ती मोठ्यांची होती. पण फसवणारी म्हणून नाव पडलं पोरीचं.

ती आता केमिस्ट्रीत एमएस्सी करायला छत्रपती संभाजीनगरला आहे. बायोडाटा नव्यानं टाइप केला तेव्हा तिच्या आईनं तो मला तपासायला पाठवला. वर्णनाच्या रकान्यात उंची आहे, रक्तगट आहे, चष्म्याचा नंबर आहे. फोटो चष्म्यासकट आहे. तो तिनं स्वतः निवडलाय.